कॉटिकची कोणती फ्रेम घ्यावी: सोलारिसमॅक्स, बीएफईमॅक्स की फ्लेअरमॅक्स?

इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधली माउंटन बाइक बनवणारी कॉटिक ही छोटी कंपनी साय टर्नर यांनी २००३ मध्ये ‘सोल’ या एका हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन, मागे नाही) फ्रेमपासून सुरू केली. पुढे मॉडेल वाढली, पण ओळख तीच राहिली: बारीक पोलादी नळ्या, साधी सरळ रेषा, कुठेही फुगवटा नाही. निवडायला बसलेल्या माणसाची अडचणही इथूनच सुरू होते, कारण फोटोत सगळ्या फ्रेम सख्ख्या भावंडांसारख्या दिसतात. खरा फरक नळीच्या भिंतीच्या जाडीत आणि किती लांबीचा फोर्क (पुढचं चाक धरणारा, दबणारा दुपायी भाग) धरून फ्रेम आखली आहे त्यात आहे.

आधी पोलादाबद्दल, कारण त्यावरून बराच गैरसमज होतो. कॉटिकच्या फ्रेमवर रेनॉल्ड्स ८५३ असा स्टिकर दिसतो. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीचं हे पोलाद वेल्डिंगनंतर हवेत थंड होताना कडक होतं. बहुतेक मिश्रधातूंमध्ये वेल्डजवळचा भाग कमजोर पडतो, इथे तो ताकद टिकवतो. मात्र ८५३ साध्या क्रोमोलीपेक्षा (सायकलसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादापेक्षा) जास्त ताठ असतं हा समज चुकीचा आहे. कुठल्याही पोलादाचा ताठरपणा जवळजवळ सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल. जास्त ताकदीचा उपयोग एवढाच की नळीची भिंत पातळ ठेवता येते. वजन कमी होतं आणि पातळ भिंतीमुळे फ्रेम किंचित लवते. पोलादी हार्डटेलची जी ‘जिवंत’ चाल लोक वाखाणतात, तिचा उगम या लवण्यात आहे. अर्थात चाक, टायर आणि सीटपोस्ट यांचा वाटाही त्यात मोठा आहे, आणि टायरमधल्या हवेचा तर सर्वांत मोठा.

हे समजलं की सोलारिसमॅक्स आणि बीएफईमॅक्स यांतली निवड सोपी होते. दोन्ही २९ इंची चाकांच्या पोलादी हार्डटेल. सोलारिसमॅक्स हलक्या नळ्यांची, मध्यम ट्रॅव्हलच्या (सस्पेन्शन जितकं दबू शकतं त्या अंतराच्या) फोर्कसाठी. बीएफईमॅक्स जाड भिंतीच्या भक्कम नळ्यांची, लांब फोर्क लावून उतारावर जोरात सोडण्यासाठी. हीच जोडी याआधी लहान चाकांत सोल आणि बीएफई या नावांनी होती: सोल चपळ आणि हलकी, बीएफई तिचीच दणकट बहीण.

लांब फोर्कला जाड नळ्या का लागतात, हे समजून घेण्यासारखं आहे. पुढचं चाक दगडावर आदळलं की फोर्क हेडट्यूबला (फ्रेमची पुढची आखूड नळी, जिच्यात फोर्क बसतो) मागे ढकलतो. फोर्क जितका लांब, तितका तरफेचा हात लांब आणि डाउनट्यूबच्या (हेडट्यूबपासून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) वरच्या टोकावर ताण जास्त. आयएसओ ४२१० या सायकल-सुरक्षेच्या मानकातल्या चाचण्यांत फ्रेमला असे धक्के पुन्हा पुन्हा देऊन पाहतात. म्हणूनच प्रत्येक फ्रेमला फोर्कच्या लांबीची कमाल मर्यादा दिलेली असते, आणि ती पाळायलाच हवी. सोलारिसमॅक्स घेऊन तिला मर्यादेपलीकडचा फोर्क लावायचा विचार असेल, तर तुम्हाला मुळात बीएफईमॅक्स हवी आहे.

उलट चूक मात्र जास्त जण करतात. ‘दणकट असलेली बरी’ म्हणून बीएफईमॅक्स घेतात आणि आयुष्यभर वळणावळणाच्या साध्या वाटांवर, लांब चढांवर चालवतात. जाड नळ्यांचा फायदा उडी मारताना, ड्रॉपवरून (वाटेतल्या उंच पायरीवरून) उतरताना, वजनदार चालकाखाली दिसतो. बसून तासन् तास पेडल मारताना तीच फ्रेम रुक्ष वाटते, कारण लवण्याचं जे सुख म्हणून पोलाद घेतलं ते जाड भिंतीने कमी केलेलं असतं. माझं मत स्पष्ट आहे: बाइक पार्क, मोठे ड्रॉप किंवा सतत तीव्र उतार हा तुमच्या चालवण्याचा मोठा भाग नसेल, तर सोलारिसमॅक्स घ्या. शंका असली तरी सोलारिसमॅक्सच घ्या.

आता भूमितीचा तक्ता. कॉटिकने ‘लाँगशॉट’ या नावाखाली आपल्या फ्रेम लांब केल्या: रीच (पेडलच्या आसापासून हेडट्यूबपर्यंतचं आडवं अंतर) जास्त, स्टेम (हँडल धरणारा दांडा) आखूड, हेड अँगल (हेडट्यूबचा जमिनीशी कोन) पडता. उतारावर याचा फायदा मोठा. पुढचं चाक चालकापासून लांब असल्यामुळे हँडलवरून पुढे फेकलं जाण्याची भीती कमी होते. पण जुन्या सायकलवरून येणाऱ्याला सपाटीवरच्या आखूड वळणांत पुढचं चाक हलकं, काहीसं भरकटणारं वाटतं. शरीराचं वजन जाणीवपूर्वक पुढे ठेवायची सवय लागली की ही तक्रार संपते. तेवढी सवय लावायची तयारी नसेल, तर हे आकडे आवडणार नाहीत, आणि त्यात गैर काही नाही.

हार्डटेल आणि फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली, उदाहरणार्थ फ्लेअरमॅक्स) यांचे हेड अँगल शेजारी ठेवून तुलना करताना एक गोष्ट हमखास सुटते. हार्डटेलवर बसलात की फक्त फोर्क दबतो, मागची बाजू जागेवर राहते. १४० मिमी फोर्क २० टक्के दबला तर पुढची बाजू २८ मिमी खाली येते. साधारण २० मिमीला एक अंश धरला, तर हेड अँगल जवळपास दीड अंशाने उभा होतो आणि रीचही थोडा वाढतो. फुल सस्पेन्शनमध्ये पुढचं-मागचं दोन्ही दबतं, त्यामुळे अंश फारसा हलत नाही. म्हणून तक्त्यात हार्डटेलचा अंश फ्लेअरमॅक्सपेक्षा थोडा पडता दिसला तरी प्रत्यक्ष चालवताना ती तितकी पडती नसते. तुलना करायची तर सायकलवर बसल्यानंतरच्या आकड्यांची करा.

फ्लेअरमॅक्स ही कॉटिकची कमी ट्रॅव्हलची फुल सस्पेन्शन फ्रेम. तिच्या वर मधली जेट आणि सर्वांत जास्त ट्रॅव्हलची रॉकेटमॅक्स. तिन्हींचा पुढचा त्रिकोण पोलादी, मागच्या भागात अ‍ॅल्युमिनियमचाही वापर. नंतरच्या पिढ्यांमध्ये पुढचे त्रिकोण स्कॉटलंडमध्ये बनू लागले. सस्पेन्शनच्या रचनेला कंपनी ‘ड्रॉपलिंक’ म्हणते. मागचा अ‍ॅक्सल (चाकाचा आस) एकाच मुख्य पिव्हटभोवती (सांध्याभोवती) फिरतो आणि लिंक (जोडपट्टी) शॉकला, म्हणजे मागच्या धक्काशोषकाला, दाब कसा पोचवायचा ते ठरवते. अशा रचनेत सांधे कुठे आहेत ते डोळ्यांना दिसतं, आणि बेअरिंग बदलणं घरी जमण्यासारखं असतं. लांब अंतर चालवणाऱ्याला याची किंमत कळते.

कार्बनच्या फ्रेमपेक्षा ही जड असेल, हे आधीच मान्य करून पुढे जावं. पोलादाची घनता अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट आहे. नळ्या कितीही पातळ केल्या तरी वजनाच्या शर्यतीत पोलादी फुल सस्पेन्शन जिंकणार नाही. चढावरची सेकंदं मोजणाऱ्याने कॉटिकचा विचार सोडून दुसरीकडे पाहिलेलं बरं.

मग सोलारिसमॅक्स की फ्लेअरमॅक्स? इथे मी तुमच्या वाटेपेक्षा तुमच्या शरीराकडे आधी बघेन. हार्डटेलवर दगडांच्या पट्ट्यात पाय आणि गुडघे मागच्या सस्पेन्शनचं काम करतात. तासाभराच्या फेरीत ते मजेचं असतं. दिवसभराच्या फेरीत शेवटच्या उतारापर्यंत पाय थकलेले असतात, रेषा चुकू लागते. पाठीचं दुखणं असेल, किंवा वाटेवर सुटे दगड आणि मुळं संपतच नसतील, तर फ्लेअरमॅक्सचं थोडं ट्रॅव्हलसुद्धा मोठा फरक पाडतं. तीव्र चढावर तर मागचा टायर जमिनीला चिकटून राहतो, हा फायदा उताराइतकाच महत्त्वाचा. पण चिखल फार, धुणं-पुसणं कंटाळवाणं, शॉकची सर्व्हिस नकोशी, सायकल रोजच्या फिरण्यालाही हवी, अशा माणसासाठी हार्डटेलच बरी. तिच्यात बिघडायला फारसं काही नाही.

फ्लेअरमॅक्सवरून थेट रॉकेटमॅक्सवर उडी मारायची गरज फार थोड्यांना असते. जास्त ट्रॅव्हल म्हणजे साध्या वाटा अधिक सपाट आणि निरस वाटणं. ज्यांच्या इथे रोजच कठीण उतार आहेत, त्यांनीच तिकडे जावं.

नुसती फ्रेम घेऊन जुने भाग चढवणार असाल तर मागच्या अ‍ॅक्सलची रुंदी, सीटपोस्टचा व्यास, हेडसेटचा (हेडट्यूबमधल्या बेअरिंगचा) प्रकार आणि डिस्क माउंट (डिस्क ब्रेक बसवायची जागा) हे चारही ऑर्डर देण्याआधी जुळवून पाहा. एकाच नावाच्या दोन पिढ्यांत हे बदललेलं असू शकतं. माप निवडताना लहान-मध्यम-मोठं या नावांवर जाऊ नका. सध्याच्या सायकलचा रीच मोजा, बसून पेडल मारताना लागणारी इफेक्टिव्ह टॉपट्यूबची लांबी (हेडट्यूबपासून सीटपोस्टपर्यंतचं आडवं अंतर) मोजा आणि त्यांच्याशी ताडून बघा. ड्रॉपर पोस्ट (चालवताना वर-खाली होणारा सीटपोस्ट) किती लांबीचा बसतो, हेही सीटट्यूबच्या आकड्यावरून आधीच कळतं.

जुनी कॉटिक घेत असाल तर सीटपोस्ट बाहेर काढून नळीत आत टॉर्च मारा, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या जागेच्या) आसपास गंज आहे का बघा. वरवरचा तांबूस थर घासून निघतो, पापुद्रे सुटत असतील तर सौदा सोडा. हेडट्यूबच्या मागे डाउनट्यूबच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. तिथे रंगाला सुरकुती किंवा नळीला बारीक फुगवटा लागला, तर फ्रेमने समोरून मोठा धक्का खाल्लेला आहे, आणि ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.