लिज्जतचा उडीद पापड: पाकिटात काय मिळतं आणि दर वेळी तसंच का मिळतं

विकतच्या पापडाबद्दल घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: या खेपेचं पाकीट मागच्यासारखं नाही. कधी खार जास्त, कधी मिरी नावापुरती, कधी कडा जाड आणि मध्यभागी इतका पातळ की चिमट्यातच तुटतो. हाताने लाटलेला पापड म्हटल्यावर असं होणारच, असं म्हणून आपण सोडून देतो. लिज्जतचा उडीद पापड मात्र हाताने लाटलेला असूनही सारखा निघतो, आणि हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे. हा सारखेपणा यंत्रातून आलेला नाही, लिज्जत ही बायकांची संस्था ज्या पद्धतीने चालते तिच्यातून तो आला आहे. म्हणून इथे पापडाबरोबर संस्थेचंही परीक्षण आहे.

आधी पापड. उडदाचं पीठ, मिरी, हिंग, मीठ, पापडखार आणि तेल, एवढ्यावर हा पापड उभा आहे. एक पापड काढून खिडकीच्या उजेडात धरा. मिरीचे भरड कण सगळीकडे विखुरलेले दिसले पाहिजेत, एका बाजूला गोळा झालेले नकोत. बोटांनी हलकेच वाकवला तर तो थोडा लवला पाहिजे. लवायच्या आत कडकन मोडला तर जास्त वाळलाय असं समजा. असा पापड भाजताना तडकतो. ओलसर लागला किंवा दोन पापड एकमेकांना चिकटलेले निघाले तर त्यात दमटपणा शिरलाय, तो नीट फुलणार नाही. चांगला पापड या दोन्हींच्या मधला असतो, आणि लिज्जतचा बहुतेक वेळा तसाच मिळतो.

भाजताना बिघडतं ते घाईमुळे. गॅसची आच मध्यम ठेवा आणि पापड चिमट्यात धरून ज्योतीच्या दोन-तीन बोटं वर फिरवा. पहिले काही क्षण दोन्ही बाजू पटापट उलटून नुसत्या गरम करून घ्यायच्या. एकाच बाजूला सगळी उष्णता लागली की ती बाजू आकसते, पापडाची वळकटी होते आणि आतला भाग कच्चा राहतो. दोन्ही बाजू तापल्या की आधी कडा, मग मधला भाग. कच्चा भाग पिवळसर, थोडा पारदर्शक दिसतो. भाजलेला भाग फिकट, अपारदर्शक होतो आणि त्यावर बारीक फोड येतात. आतल्या ओलाव्याची वाफ आणि खारातून सुटणारा वायू यांनी पापड फुलतो, आणि उडदाचं चिकट पीठ ती हवा धरून ठेवतं. त्याच खारामुळे पापड झटकन लाल होऊन करपतोही. काळा ठिपका पडला की तेवढा भाग कडू झालाच, म्हणून ज्योत थेट पापडाला लागू द्यायची नाही.

तळताना तेलात पापडाचा नखाएवढा तुकडा टाकून बघा. तो लगेच फुलून वर आला तर तेल तयार आहे. तळाशी बसून राहिला तर अजून थांबा. थंड तेलात पापड तेल पितो आणि चिवट होतो. पापड तीन-चार सेकंदांत होतो, त्यामुळे एका वेळी एकच सोडायचा, झाऱ्याने मधोमध हलका दाब द्यायचा आणि लगेच काढून उभा ठेवायचा, म्हणजे तेल निथळतं. कढई लहान असेल तर पापड आधी कात्रीने अर्धा करून घ्या, कारण दुमडलेली कडा कच्ची राहते. पापडाला लागलेलं पीठ तेलात उतरून जळत राहतं. पाहुणे बरेच असतील तर मध्येच एकदा तेल गाळून घ्या, नाहीतर शेवटच्या पापडांना जळका वास येतो.

मायक्रोवेव्हमध्ये एक पापड साधारण अर्ध्या ते पाऊण मिनिटात होतो. दोन्ही बाजूंना तेलाचं बोट फिरवलं तर चव भाजलेल्या पापडाच्या जवळ जाते. बाहेर काढल्याबरोबर तो मऊ लागतो म्हणून पुन्हा आत ढकलू नका, काही क्षणांत कुरकुरीत होतो. एकावर एक रचून ठेवले तर मधले कच्चे राहतात. एअर फ्रायरमध्ये पंख्याच्या वाऱ्याने पापड उडून वर चिकटतो, म्हणून त्यावर जाळी ठेवावी लागते. एवढं करूनही गॅसच्या आचेवरचा खमंगपणा त्याला येत नाही.

मुंबईच्या दमट हवेत भाजलेला पापड पाच-दहा मिनिटांत नरमतो, म्हणून पापड ताटं वाढून झाल्यावरच भाजायला घ्यावेत. नरमलेला पापड गरम तव्यावर मिनिटभर ठेवला की सावरतो. कच्चे पापड पाकीट फोडल्याबरोबर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात जायला हवेत. पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर झिपच्या पिशवीत ठेवा आणि लागतील तेवढे काढून पिशवी लगेच आत टाका. गार पाकीट ओट्यावर उघडं राहिलं की आत पाणी सुटतं. फार दिवस राहिलेला उडीद पापड तळल्यावर लालसर पडतो आणि त्याला खाराचा वास येतो. दोन पापडांच्या मध्ये बुरशी दिसली तर पुसून वापरायच्या भानगडीत न पडता अख्खं पाकीट टाकून द्या.

या संस्थेला पहिली अडचण आली तीही पावसाचीच. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात, लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला घेतले. जसवंतीबेन जमनादास पोपट त्यांतल्या एक. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भांडवल होतं 80 रुपये, समाजसेवक छगनलाल करमशी पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याने घेतली. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये. मोडके पापड शेजाऱ्यांत वाटले जात. पावसाळ्यात पापड वाळेनात, तेव्हा चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला: पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. हातात असलेल्या पैशांत होईल तेवढाच उपाय करायचा, ही शिस्त तेव्हापासूनची आहे.

छगनबाप्पांनी दिलेले दोन सल्ले आजही पाकिटात चाखायला मिळतात. सुरुवातीला बायका दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला हलका. छगनबाप्पांनी हलकी प्रत बंद करायला लावली: एकच दर्जा ठेवा, तोही उत्तम. दुसरा सल्ला हिशेबाचा. हा धंदा आहे, धर्मादाय काम नाही. वही चोख ठेवा. देणग्या घ्यायच्या नाहीत हे सुरुवातीपासूनच ठरलेलं होतं. सामाजिक उद्देशाच्या गोष्टी करणारे बरेच उद्योग इथेच घसरतात. काम चांगलं आहे म्हणून गिऱ्हाईक चार गोष्टी पोटात घालेल असं त्यांना वाटतं. गिऱ्हाईक पहिल्या पाकिटाला तसं पोटात घालतं, दुसरं पाकीट चव बघून घेतं.

आता रोजचं काम कसं चालतं ते पाहा. सकाळी शाखेत काही बहिणी पीठ मळतात. (सभासद बाईला तिथे बहीणच म्हणतात.) हे पीठ लाटणाऱ्या बहिणींना तोलून दिलं जातं. त्या येताना आदल्या दिवशीचे वाळलेले पापड घेऊन येतात. त्यांचं वजन होतं, दर्जा तपासला जातो आणि लाटणावळ हातात पडते. मग नवं पीठ घेऊन बाई घरी. घरी लाट्या पाडायच्या, पातळ लाटायचं आणि बांबूच्या उलट्या टोपलीवर पापड पसरायचे, म्हणजे खालूनही वारा लागतो. लाटायचं काम घेण्याआधी घरात स्वच्छता आहे का, वाळवायला जागा आहे का, हे बघितलं जातं. चाळीतल्या एका खोलीत जागा नसेल तर त्या बाईला शाखेतलं काम असतं: पीठ मळणं, पापड तपासणं, पाकिटं भरणं.

मिश्रण एका ठिकाणी, लाटणं हजारो घरांत आणि तपासणी पुन्हा एका ठिकाणी, या मांडणीमुळे चव सारखी राहते. मीठ, खार, हिंग यांचं प्रमाण शाखेतच ठरून जातं, लाटणारीच्या अंदाजावर सोडलेलं नसतं. तिच्या हातात उरते फक्त जाडी आणि वाळवण, आणि ते दुसऱ्याच दिवशी तपासलं जातं. चूक एका दिवसाच्या पिठापुरतीच राहते.

पण नुसत्या तपासणीने एवढ्या वर्षांचा भरवसा तयार होत नाही. इथे लाटणारी बाई नोकर नाही, मालकीण आहे. सभासद होताना ती संस्थेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करते. नफा-तोटा सभासद बहिणींत समान वाटला जातो, मग तुमचं काम लाटण्याचं असो की हिशेब बघण्याचं. पापड परत आले तर नुकसान तिचं स्वतःचं होतं. निर्णय एकमताने होतात आणि नको म्हणायचा हक्क प्रत्येकीला आहे. पुरुष लागले तर पगारावर: हिशेबनीस, ड्रायव्हर, पहारेकरी. सभासद म्हणून त्यांना जागा नाही. 1966 मध्ये संस्थेची सोसायटी म्हणून नोंदणी झाली, त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. आज चाळीस हजारांहून जास्त बायका या कामात आहेत.

मुंबईत या तऱ्हेचं काम आणखीही झालंय. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, गिरणगावात कामगारांना डबे घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांसाठी. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देणं हा त्याचा गाभा होता. दोन्हीकडे घरात आधीपासून असलेलं कौशल्य घेतलं, त्याला वजन, हिशेब आणि हक्काचा पैसा जोडला.

लोअर परळच्या नाहीतर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसात जे नवे उद्योजक कंपनीची संस्कृती घडवू पाहताहेत, त्यांनी एक सकाळ लिज्जतच्या शाखेत पीठवाटप बघावं. माल खराब निघाला तर तोटा कोणाच्या खिशातून जातो, आणि नको म्हणायचा हक्क खालच्या पायरीवर पोचलाय का, हे आपल्या कंपनीत तपासून बघावं. भिंतीवरच्या वाक्यांपेक्षा यातून जास्त कळेल.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. लाटणावळ वजनावर मिळते, म्हणजे खांदा धरला, घरात आजारपण आलं, की त्या दिवसाची कमाई बुडाली. तासन्‌तास पोळपाटापुढे बसून कंबर आणि मनगट जातं, हे कुठलीही लाटणारी सांगेल. एकमताची पद्धत चव जपायला उत्तम, पण नवं काही आणायला संथ. संस्थेचं ससा डिटर्जंट बाजारात आहे, तरी पापडाने मिळवलेलं नाव त्याला मिळालेलं नाही. आणि खाणाऱ्यासाठी: पापडात मीठ आणि खार दोन्ही आहेत. रक्तदाब असलेल्यांनी रोजच्या जेवणात दोन-दोन पापड घेऊ नयेत, कुठल्याही कंपनीचे.

घेताना पाकिटावर श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड हे पूर्ण नाव आणि उत्पादनाची तारीख बघा. नावाशी मिळतीजुळती पाकिटं बाजारात असतात. साध्या पापडावर जीएसटी नाही, तेव्हा बिलात तो लावला असेल तर विचारा. वरण-भात, खिचडीबरोबर उडीदच घ्या, भाजून. मुगाचा चवीला सौम्य, पथ्याच्या जेवणाला बरा; पण तो उडदापेक्षा लवकर करपतो, आच कमी ठेवा. पंजाबी मसाला चवीचा तळून, वर कांदा-टोमॅटो-कोथिंबीर घालून मसाला पापडासाठी चांगला; कांदा आयत्या वेळी घालायचा आणि मीठ घालायचंच नाही, पापडात ते पुरेसं असतं. लसणाचा ज्यांना आवडतो त्यांच्यासाठी ठीक, पण पाकीट फोडल्यावर त्याचा वास लवकर उतरतो. जून ते सप्टेंबर मोठं पाकीट आणू नका, लहान आणा आणि संपल्यावर दुसरं.