आत, दारात की बाहेर?

भाच्या, तालुक्याच्या वादविवाद स्पर्धेचा विषय कळला: ‘युरोपीय संघाचा विस्तार इच्छुक देशांच्या हिताचा’. बाजूनं बोलू की विरोधात, हे तू नेमकं सीतादही होऊन कापसाची वेचणी लागली तेव्हाच विचारतोस! असो.

आत गेलेल्यांत पोलंड घे. १ मे २००४ ला (हो, आपल्याच महाराष्ट्र दिनी) दहा देश एकदम आत आले, त्यांतला हा सर्वांत मोठा. बाजार खुला झाला, रस्त्यांना पैसा आला. पण शेतकऱ्याचं थेट अनुदान पहिल्या वर्षी जुन्या सभासदांच्या मानानं २५ टक्के. वाढत वाढत २०१३ ला पूर्ण. बाजारातली स्पर्धा मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण! शिवाय पोरं ब्रिटनला कामाला गेली, जशी आपल्या गावची पुण्याला.

विरोधात बोलणाऱ्याचा खरा माल दारात ताटकळलेल्या देशांत आहे. मॅसेडोनिया २००५ पासून उमेदवार. ग्रीसला नाव खटकलं, म्हणून २०१९ मध्ये देशानं नावाआधी ‘उत्तर’ लावलं. पुढच्याच वर्षी बल्गेरियानं भाषा-इतिहासावरून अडवलं. आता म्हणे राज्यघटनेत बल्गेरियन लोकांचा उल्लेख करा. एकट्या सभासदाचा नकार पुरतो ना, मग असंच होणार. तुर्कीचा अर्ज तर १९८७ चा.

बाहेरच्या नॉर्वेनं १९७२ आणि १९९४ ला जनमत घेऊन नकार दिला. संघाच्या बाजारात आहे, पैसे भरतो, नियम पाळतो, पण नियम ठरताना मत नाही. तेल आहे म्हणून परवडतं. आत यायला धडपडणाऱ्या गरीब मोल्दोव्हाला कसं परवडेल?

मी तुझ्या जागी असतो तर बाजूनंच बोललो असतो, आणि नागपूर करार मध्ये आणला असता. महाराष्ट्रात यावं म्हणून १९५३ मध्ये आपल्या विदर्भाला त्यात वचनं मिळाली: लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्या, नागपूरला अधिवेशन. अधिवेशन भरतं, बाकीचा अनुशेष तुला ठाऊक आहे. तिथं उलटं. संघाच्या नियमांच्या ३५ प्रकरणांतल्या अटी, न्यायालयांपासून शेतीपर्यंत, येणाऱ्याकडून आधी पुऱ्या करून घेतात. जाच आहेच, पण सुधारलेली न्यायालयं प्रवेश लांबला तरी त्या देशाचीच राहतात. आणि एकदा आत गेलं की लहानाच्याही हाती नकार येतो. २००४ ला आत आलेल्या हंगेरीनं युक्रेनची वाट अडवून दाखवलीच. तसा नकार आपल्या हाती कुठं होता?

सुरुवात पोलंडनं करू नकोस, सगळेच करतील. मॅसेडोनिया आधी घे, म्हणजे समोरच्याचा मुद्दा तूच वापरून टाकशील. वेळ चारच मिनिटं असेल तर नॉर्वे गाळ.