नख रुतलं होतं, तरी पैसे दिले

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. ठाण्यात राहून मी कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) गरम करायला निघालो होतो. पण जुनी कार्ब्युरेटरवाली जिप्सी ज्याच्याकडे आहे त्याला विचारा. पेट्रोलची वाफ होताना हवा इतकी गार पडते की पावसाळ्यात बाहेर पंचवीस अंश असले तरी थ्रॉटलपाशी, म्हणजे हवेच्या झडपेपाशी, बर्फ धरू शकतो. कंपनीच्या मॅनिफोल्डमधून (कार्ब्युरेटरमधलं मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळकांड्यातून) कूलंट, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी, फिरतं, म्हणून ते जाणवत नाही. माझ्या आफ्टरमार्केट मॅनिफोल्डला ती सोयच नव्हती आणि माळशेजला सकाळी इंजिन गुदमरायचं. म्हणून माझ्या वेबर ३२/३६ कार्ब्युरेटरच्या खाली बसवायला गरम पाण्याचा स्पेसर (आतून पाणी फिरणारी ॲल्युमिनियमची जाड चकती) घेतला, ६,५०० रुपयांना. हौस नव्हती, गरज होती. (बायकोचं मत वेगळं आहे.)

स्पेसरची भोकं मॅनिफोल्डच्या तोंडाशी जुळेनात. वागळे इस्टेटमधल्या एका शेडवाल्याने बोअर, म्हणजे मधलं भोक, मोठा करून दोन बोल्टांची जागा सरकवून द्यायचे ४,८०० सांगितले. "बिल हवं तर अठरा टक्के वर लागतील, साहेब." मी ८६४ रुपये वाचवले.

आणि आता तो क्षण, जो अजून रात्री आठवतो. काम घ्यायला गेलो तेव्हा बोअरच्या आत, पाण्याच्या वाटेच्या बाजूला, जरा काळपट पट्टा दिसला. मी अंगठ्याचं नख लावलं. नख रुतलं. ॲल्युमिनियममध्ये नख रुततं का हो? लेथ चालवलेला नाही मी, पण एवढं तर शाळेतल्या पोरालाही कळेल. तो म्हणाला, "वेल्डिंगची फिनिशिंग आहे, सुकू द्या." वेल्डिंग सुकतं! बाहेर धो-धो पाऊस, रिक्षा थांबवून ठेवलेली, मी मान डोलावली आणि यूपीआय केलं.

बोअर मोठा करताना पाण्याच्या गल्लीची पातळ भिंत फुटली होती. त्याने एपॉक्सीची पुट्टी भरून वर पॉलिश मारलं होतं.

नवव्या दिवशी गायमुखच्या चढावर मागे पांढऱ्या धुराचा पडदा. टोइंग २,८००. त्याच्याकडेच नेली, हा माझा दुसरा गाढवपणा, पण गाडीचं सेटिंग त्यालाच माहीत होतं ना! "हेड गॅस्केट गेलंय," म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील. ११,२०० घेतले, ऑइल आणि कूलंटचे २,१५० वेगळे. जुनं गॅस्केट दाखव म्हटलं तर भंगारात गेलेलं. जुना पार्ट हातात पडल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

धूर तसाच. रबाळ्याच्या एका म्हाताऱ्या टर्नरने स्पेसरचे पाण्याचे दोन्ही होज काढून चाळीस रुपयांच्या नळीने एकमेकांना जोडले. थोडी चालवली, धूर बंद. म्हणजे पाणी स्पेसरमधूनच इंजिनात जात होतं. मग स्पेसर पाण्यात बुडवून हवा सोडली, तर बोअरमधून बुडबुडे. पाच मिनिटांचं काम! स्पेसरवर कुणीही हात चालवला असेल, तर बसवण्याआधी ही बादलीतली चाचणी करा.

एकूण २७,४५०.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्ताला" आणि दुसऱ्या दिवशी "हे दिवाणी प्रकरण". तिसऱ्या दिवशी एकाने स्पेसर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "गाडीत बदल करायला आरटीओची परवानगी होती का?" म्हणजे चोर तो आणि जबाब माझा! मी पैसे स्वतःच्या हाताने पाठवले, म्हणून सायबरवालेही हात वर करतात. लेखी अर्ज दिला, तर पोच द्यायला शिक्का सापडेना. शिक्का! चार खेपा, प्रत्येकीला अर्धी रजा.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे मला पोलिसांपैकी कुणी सांगितलं नाही, मेव्हण्याने सांगितलं. अर्ज तयार आहे. बिल नसल्यामुळे सोबत यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचा त्याचा "सुकू द्या" जोडलाय. आणि स्पेसर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलाय. पुट्टीवर माझ्या नखाची खूण अजून आहे.