निपाणीचा फास्ट चार्जर: ५ पैकी अडीच स्टार

इलेक्ट्रिक गाड्यांचा हा चार्जर महामार्ग ४८ लगतच्या ढाब्याच्या आवारात आहे. पाटीवर ६० किलोवॅट, पण सीसीएस-२ च्या (कारच्या फास्ट चार्जिंगचा प्लग) दोन्ही गन, म्हणजे गाडीत खुपसायची टोकं, लागल्या की वाटणी ३०-३०. म्हणजे ३० युनिटला तासभर धरा. ८० टक्क्यांपुढे थांबण्यात अर्थ नाही, वेग पडतो आणि मागचा ताटकळतो.

खरं दुखणं मोबाइल रेंजचं. मशीनमधल्या सिमचं नेटवर्क तुटलं की अ‍ॅपवर ‘उपलब्ध’ दिसतं, चार्जिंग मात्र सुरूच होत नाही. आरएफआयडी कार्डाची (मशीनला टेकवून चार्जिंग सुरू करायचं कार्ड) नोंद मशीनमध्येच साठवलेली असेल, तरच ते चालतं. मशीन बंद दिसलं तर आधी लाल इमर्जन्सी बटण पाहा; कुणीतरी दाबून गेलेलं असतं! ते फिरवून सोडवायचं. गन अडकली तर अ‍ॅपमधून चार्जिंग थांबवा, गाडी अनलॉक करा, ओढाताण नको. कागल किंवा संकेश्वर गाठण्याइतकी बॅटरी राखूनच इथे वळा.