थॉरेन्स टीडी १२४ वर एसएमई ३००९: निवड आणि जोडणी

थॉरेन्सचे टीडी १२४ हे स्विस टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारे यंत्र, १९५७ साली बाजारात आले तेव्हापासूनच ते टोनआर्म, म्हणजे रेकॉर्डवर सुई धरणारा दांडा, वेगळा निवडणाऱ्यांसाठी बनवलेले होते. त्याच्या उजव्या अंगाला एक सुटी फळी असते, तिला आर्मबोर्ड म्हणतात, आणि आर्म बदलायचा झाल्यास केवळ ती फळी बदलावी लागते. या सोयीमुळेच जुने टीडी १२४ हाती आलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो आर्मचा. मी त्यावर एसएमई कंपनीचा ३००९ सिरीज टू इम्प्रूव्हड हा सुटे हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसवायचे टोक, असलेला आर्म बसवला असून वर्षभराच्या वापरानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

या आर्मचे नाव मोठे आहे. एसएमईचा पहिला आर्म १९५९ मध्ये आला आणि डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीने सुटे आर्म विकणे थांबवले, त्यामुळे आता जुन्या मालाचीच मागणी वाढली आहे. परंतु नावावर भुलून आर्म घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. निवड कार्ट्रिजपासून, म्हणजे सुई असलेल्या आणि तिच्या कंपनांचे विद्युत संकेत करणाऱ्या भागापासून, सुरू करावी. आर्मचे प्रभावी वस्तुमान, म्हणजे हलताना सुईला जाणवणारे त्याचे वजन, आणि कार्ट्रिजच्या सुईची लवचिकता, म्हणजे कंप्लायन्स, या दोहोंच्या मेळातून एक अनुनाद, म्हणजे ठरावीक वारंवारतेला वाढणारे कंपन, निर्माण होतो. तो साधारण ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान पडावा लागतो; त्याखाली गेला तर वाकड्या रेकॉर्डच्या हेलकाव्यांनी आर्म डोलू लागतो आणि फार वर गेला तर संगीतातल्या खर्जाला जाऊन भिडतो. हिशेब सोपा आहे: एकूण वस्तुमान आणि कंप्लायन्स यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याने १५९ ला भागावे. या आर्मचे प्रभावी वस्तुमान सुमारे ९.५ ग्रॅम आहे. त्यात ६ ग्रॅमचे कार्ट्रिज आणि अर्ध्या ग्रॅमचे स्क्रू मिळवले की १६ ग्रॅम होतात, आणि कंप्लायन्स १५ धरल्यास उत्तर येते जवळपास १०.३ हर्ट्झ. मऊ सुईच्या मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या, कार्ट्रिजसाठी हा आर्म घडवला आहे, हे या एका आकड्यातच दिसते.

उलट डेनॉन डीएल-१०३ हे मूव्हिंग कॉइल, म्हणजे सुईबरोबर तारेचे वेटोळे हलणारे, कार्ट्रिज घ्या. त्याच्या सुईला रेकॉर्डवर २.५ ग्रॅम भार लागतो, तर या आर्मच्या भारदांडीवरची मोजपट्टी दीड ग्रॅमला संपते. मागचे वजन सरकवून भार वाढवता येतो, पण मग आर्मला त्याच्या स्वभावाविरुद्ध राबवल्यासारखे होते. त्यातही टीडी १२४ च्या पहिल्या आवृत्तीचा प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी, ओतीव लोखंडाचा आहे, आणि मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचे जोरकस चुंबक त्याकडे ओढले जाते. परिणामी काट्यावर मोजलेला भार आणि रेकॉर्डवर प्रत्यक्ष पडणारा भार यांत फरक पडतो. या जोडीसाठी मूव्हिंग मॅग्नेट घेणेच शहाणपणाचे आहे.

जुना आर्म पाहताना मी दोन जागा न चुकता तपासतो. आर्मची उभी हालचाल सुरीच्या धारेसारख्या बेअरिंगवर होते, म्हणून ती धार आपल्या खाचेत नीट टेकली आहे का, हे पाहावे. दुसरी जागा मागच्या वजनाजवळच्या रबराची. वयाने ते ढिले पडते आणि वजन खाली झुकते. माझा आर्म पाठवणाऱ्याने वजन न काढताच खोक्यात भरला होता, आणि उघडून पाहतो तो धार खाचेतून बाहेर आलेली. सुदैवाने तिला इजा झाली नव्हती आणि ती परत बसवता आली.

या आर्मचे खरे वैभव मात्र त्याच्या सरकत्या बैठकीत आहे. इतर बहुतेक आर्ममध्ये कार्ट्रिज हेडशेलच्या लांबट खाचांत पुढेमागे करावे लागते; येथे हेडशेलला ठरावीक छिद्रे आहेत आणि संपूर्ण आर्मच स्पिंडलच्या, म्हणजे प्लॅटरच्या मधल्या खुंटीच्या, जवळ किंवा दूर सरकतो. एरवी कार्ट्रिज सरकवताना ते किंचित तिरके होतेच, आणि एक चूक सुधारताना दुसरी घडते. येथे तो धोका नाही. मी प्लॅटरवर कार्ट्रिजचा कोन तपासायची रेघांची मापनपट्टी ठेवली, तिच्या रेघांवर सुई टेकवली, बैठकीचे स्क्रू अर्धा फेरा सैल केले आणि हेडशेलच्या कडा रेघांशी समांतर होईपर्यंत आर्म केसभर, केसभर सरकवला. भिंगातून पाहिल्याशिवाय हे काम होत नाही. स्क्रू आवळताना बैठक पुन्हा जराशी हलते, म्हणून ते आळीपाळीने, थोडे थोडे आवळावे आणि दरवेळी पुन्हा पाहावे. माझी पूर्ण संध्याकाळ यात गेली, आणि ती सार्थकी लागली.

मर्यादाही येथेच आहे. छिद्रे पक्की असल्यामुळे कोन बदलता येत नाही, त्यामुळे ज्या कार्ट्रिजमध्ये सुई आणि स्क्रूंमधले अंतर नेहमीच्या ९.५ मिलिमीटरहून बरेच वेगळे आहे, त्यात भूमिती पूर्ण जुळत नाही. आर्मच्या भूमितीसाठी वापरल्या जाणाऱ्या बेअरवाल्डच्या गणिताप्रमाणे केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर कार्ट्रिज रेकॉर्डच्या खाचेशी अचूक समांतर यावे. दोन्ही ठिकाणचा हा मेळ हवाच असणाऱ्याने लांबट खाचांचे हेडशेल वापरावे.

उंचीचे काम लवकर होते. खांबाचे स्क्रू सैल करून नळी रेकॉर्डला समांतर करायची, एवढेच. सुई उभी आहे का, हे पाहण्यासाठी प्लॅटरवर लहान आरसा ठेवावा. कार्ट्रिज आणि त्याचे प्रतिबिंब एका रेषेत दिसले पाहिजे.

शेवटी राहते अँटी-स्केटिंग, म्हणजे रेकॉर्ड फिरताना आर्मला केंद्राकडे खेचणाऱ्या ओढीचा तोल. येथे ते दोऱ्याला टांगलेल्या इवल्याशा वजनाने साधते आणि दोऱ्याचा फास दांडीवरच्या खाचांतून पुढेमागे करायचा असतो. कंपनीने सांगितलेल्या खाचेत दोरा अडकवून मी रेकॉर्डच्या आतल्या, शेवटच्या गाण्यावर कान लावला. आर्म केंद्राकडे ओढला जातो तेव्हा सुई रेकॉर्डच्या खाचेच्या आतल्या भिंतीवर रेलते आणि बाहेरच्या भिंतीवरचा, म्हणजे उजव्या वाहिनीचा, आवाज आधी फाटतो. गायिकेच्या तोंडचा ‘स’ उजवीकडे खरखरत होता. दोरा एक खाच बाहेर सरकवला आणि तोच ‘स’ दोन्ही बाजूंना सारखा, स्वच्छ उमटला.