मिरच्या वाळवायचं यंत्र: इंदूरच्या फ्लॅटमधले आठ महिने

गेल्या ऑक्टोबरपर्यंत आमच्या मिरच्या गच्चीवरच वाळायच्या. मग सोसायटीने तिथे सोलर पॅनल बसवली आणि उरलेला कोपरा कबुतरांनी घेतला. सासूबाई जुनी साडी काखेत घेऊन वर गेल्या, तशाच खाली आल्या. "यंदा तिखट विकतचंच आण गं." हे ऐकवेना, म्हणून डिहायड्रेटर.

आधी स्वस्तातला गोल घेतला. एकावर एक प्लास्टिकचे ट्रे, पंखा तळाशी. खालच्या ट्रेतल्या मिरच्या काळपट व्हायच्या आणि वरच्या ओल्याच राहायच्या. दर दोन तासांनी ट्रे खालीवर करत बसायचं तर यंत्र कशाला? तापमान बदलायची सोयही नव्हती. परत केला, पैसे हातात यायला महिना गेला.

आताचा चौकोनी आहे. पंखा मागच्या बाजूला, सहा स्टीलच्या जाळ्या, ३५ ते ७० अंश, ६०० वॅट. मिरच्यांसाठी घेणार असाल तर पंखा मागे हवा आणि तापमान आपल्या हातात हवं, एवढ्यावर अडून बसा. आतल्या दिव्याचे वेगळे पैसे देऊ नका. मागच्या भिंतीजवळ जरा जास्त तापतं, त्यामुळे अर्ध्या वेळेला जाळ्या फिरवून घालते.

चोइथराम मंडीतून ओल्या लाल निमाडी मिरच्या आणल्या आणि पहिल्या खेपेला अख्ख्याच टाकल्या. चोवीस तास उलटून गेले तरी चामट! मिरचीची साल मेणचट, आतलं पाणी बाहेर पडणार कुठून? आता देठ काढून उभी चीर देते आणि ५५ अंशांवर नऊ-दहा तास ठेवते. घाईने एकदा ७० वर ठेवल्या, तर रंग विटकरी झाला. गरम असताना वाळलेली मिरचीही मऊ लागते, म्हणून गार झाल्यावर मोडून बघायची. कट्कन मोडली तर झाली. मग आठवडाभर बरणीत भरून रोज हलवायची. काचेला दव दिसलं की परत आत.

एका वेळी दीड किलो मावतात, वाळून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास उरतात. मीटर बघितला तर एका खेपेला चार युनिट, म्हणजे तीसेक रुपये. वर्षाचं पाच किलो तिखट यात करायचा हिशेब बसत नाही. त्यासाठी खरगोनकडची वाळलेली मिरची सियागंजात मिळतेच. पण जानेवारीत मावठा झाला आणि शेजारच्या काकूंच्या बाल्कनीतल्या मिरच्यांना बुरशी धरली, तेव्हा आमच्या आत सुखात होत्या.

ठसक्याचं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या रात्री यंत्र हॉलमध्ये होतं. पहाटे चौघंही खोकत उठलो. आता स्वयंपाकघरात एग्झॉस्टखाली ठेवते, खिडकी उघडी आणि दार बंद. आवाज जुन्या कूलरइतका, तो आपल्याला सवयीचा. चिरताना हातमोजे घाला. जाळ्या आधी तेलाच्या बोळ्याने पुसा, मगच साबण; तिखटपणा पाण्याने जात नाही, तेलात उतरतो. हे कळायच्या आधी मुलीसाठी सफरचंदाच्या चकत्या वाळवल्या होत्या. ती अजून माझ्याकडे संशयाने बघते.

खरी परीक्षा सांडगी मिरच्यांची. मेथी, धणे, हिंग, मीठ भरून दह्यात बुडवल्या आणि वाळवल्या. सासूबाईंनी तळलेली एक चाखली. "मिरची आहे, सांडगी नाही." बरोबरच होतं त्यांचं. उन्हात दिवसेंदिवस वाळताना दही आंबत जातं, यंत्रात ते आंबायच्या आतच सुकतं. आता दोन दिवस आंबट दह्यात बाहेरच मुरवते, मग यंत्रात, रात्री परत दह्यात, असं तीनदा. तळाच्या जाळीवर बटर पेपर, नाहीतर गळलेलं दही खरवडत बसा. या वेळी त्यांनी दुसरी मिरची मागून घेतली.

तक्रार एकच. दाराचं चुंबक सहाव्या महिन्यात सैल झालं. वॉरंटी फक्त मोटरची, दाराची नाही, असं उत्तर मिळालं. सध्या दाराला वरवंटा टेकवून काम चाललंय.