बेडसाइड क्रिब म्हणून आम्हाला भलतंच काही विकलं गेलं

आमच्या बाबतीत माल आलाच नाही असं झालं नाही. माल वेळेवर आला, खोकं धडधाकट होतं, कापडाचा रंगही फोटोतलाच होता. बाळाला पलंगाला लागून झोपवायची क्रिब म्हणून जे विकलं, ते त्या कामाचं नव्हतं. आणि ते त्या कामाचं नाही हे विकणाऱ्याला आधीपासून माहीत होतं. हे मी रागाच्या भरात म्हणत नाहीये. त्याचा छापील पुरावा त्याच खोक्यात होता, त्याकडे येतेच.

माझं दुसरं सिझेरियन ठरलेलं होतं. पहिल्या वेळी टाके सांभाळत रात्री कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, उठायचं, वाकून बाळाला उचलायचं, हे सगळं भोगून झालेलं. त्यामुळे या वेळी पलंगाला चिकटून बसणारी, एका बाजूने उघडणारी क्रिब हवी होती. बाळ हाताशी, पण आपल्या गादीवर नाही. डॉक्टरही तेच सांगतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२२ च्या शिफारशीत बाळाने निदान पहिले सहा महिने आईवडिलांच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट आणि टणक जागेवर झोपावं असं आहे. बेडसाइड क्रिब याच हिशोबाने घेतात.

जाहिरात बघून कुणीही घेतली असती. आईचा हात क्रिबमध्ये, बाळ शांत झोपलेलं, मधली जाळीची बाजू पूर्ण खाली. 'कोणत्याही पलंगाला बसते', 'सहा उंची', 'दूध ओकणाऱ्या बाळांसाठी डोक्याकडची बाजू वर', 'सीई प्रमाणित', आणि खाली चार-साडेचार तारे. पैसे कार्डाने भरले. ही शेवटची गोष्ट पुढे कामी आली.

क्रिब आली तशी नवऱ्याने आणि धाकट्या दिरांनी जोडायला घेतली. मी पलंगावर बसून सूचना देत होते, तेवढंच जमण्यासारखं होतं. फ्रेम उभी राहिली, कापड चढलं, आणि मग पट्टे शोधायला सुरुवात झाली. बेडसाइड क्रिबचा सगळा जीव त्या पट्ट्यांत असतो. दोन लांब नायलॉनचे पट्टे मोठ्या गादीखालून किंवा पलंगाच्या चौकटीला वळसा घालून पलीकडे न्यायचे आणि बकलने ताणून बसवायचे, म्हणजे क्रिब पलंगापासून सरकत नाही. आमच्या खोक्यात निघाले वेल्क्रोचे दोन तुकडे, टीव्हीमागच्या वायरी गुंडाळायला वापरतात तसले. दिरांनी ते पलंगाच्या पायाला कसेबसे गुंडाळले आणि क्रिबला गुडघ्याने हलकेच ढकललं. टर्र आवाज झाला आणि क्रिब वीतभर लांब गेली.

उंचीचंही तेच. 'सहा उंची' म्हणजे पायाच्या नळीला सहा भोकं होती खरी, पण वरच्या भोकांत लावलं की क्रिब डुगडुगायची आणि खालच्यात लावलं की तिची गादी आमच्या गादीच्या बरीच खाली जायची. जी त्यातल्या त्यात जुळत होती, त्या उंचीला नवऱ्याने दोन गाद्यांच्या मधल्या फटीत हात घातला. पंजा मनगटापर्यंत सहज आत. तान्हं बाळ सरकत त्या कडेला आलं तर त्याचं तोंड कुठे जाईल, हे बोलून दाखवायची कुणाला गरज पडली नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "हे काढा आधी इथून."

इथे थोडं विषयांतर. 'कोणत्याही पलंगाला बसते' हे वाक्य कुठेही वाचलं तर तिथेच थांबा, कारण असं काही नसतं. या क्रिबचे पाय पलंगाखाली सरकावे लागतात. खाली सामान ठेवायचा, जमिनीपर्यंत बंद असलेला बॉक्सचा पलंग असेल तर पाय आत जाणार कुठून? काही कंपन्यांच्या क्रिबचे पाय त्यासाठी मागे दुमडता येतात आणि तसं त्या स्पष्ट लिहितात. पलंगाच्या चौकटीची कड गादीच्या बाहेर आलेली असेल तरी फट राहते. जो विक्रेता तुमच्या पलंगाबद्दल काहीच विचारत नाही, मापं देत नाही आणि 'सगळ्याला बसते' म्हणतो, त्याला फोटो विकायचाय.

आता तो छापील पुरावा. खोक्याच्या तळाशी, गादीच्या पुठ्ठ्याखाली, घडी घातलेलं एक पत्रक होतं. अक्षर बारीक, भाषा यंत्राने भाषांतर केल्यासारखी, पण चित्रं स्वच्छ. त्यातल्या एकाही चित्रात पलंग नव्हता. चारही बाजू बंद, नुसती उभी असलेली बाळाची खाट. आणि खबरदारीच्या यादीत सरळ लिहिलेलं होतं की बाळ आत असताना बाजूची चेन पूर्ण लावलेली असावी. म्हणजे ज्याने ही वस्तू बनवली त्याने ती पलंगाला जोडायची म्हणून बनवलीच नव्हती. ती चेन कापड काढून धुण्यासाठी होती. विकणाऱ्याने ती उघडी ठेवून फोटो काढला, वेल्क्रोचे दोन तुकडे टाकले आणि नाव बदलून विकली. वेल्क्रोची पिशवी वेगळी होती, तिच्यावर ना नाव ना नंबर, आणि पत्रकातल्या सुट्या भागांच्या यादीत तिचा उल्लेखही नव्हता. ठाऊक नव्हतं असं तो कुठल्या तोंडाने म्हणणार?

परत करायची विनंती त्याच संध्याकाळी टाकली. पुढचा खेळ नीट वाचा, कारण या धंद्यातली खरी कारागिरी इथे दिसते. पहिला निरोप अगदी गोड: "मॅडम, काळजी करू नका, मूळ पट्टे वेगळ्या पार्सलने पाठवतो, फक्त 'मान्य' दाबा." दिरांनी खालची बारीक ओळ वाचली. सुटा भाग मान्य केला की परतीची विनंती आपोआप बंद होणार होती. आम्ही नाही म्हटलं. मग 'माल घ्यायला माणूस येईल' असं कळवलं. माणूस आला नाही, पण अ‍ॅपवर नोंद पडली, 'ग्राहक घरी नव्हते'. हे पुन्हा पुन्हा झालं. पोट सांभाळत मी घराबाहेर जाणार होते कुठे! दर वेळी मी दारात उभी राहून वेळेसकट फोटो काढत होते, तरी तिकडे तीच नोंद. असं करत परतीची मुदत संपली. मग एकदम भाषा बदलली: गादीचं प्लास्टिक फाडलेलं असल्यामुळे स्वच्छतेच्या कारणास्तव परत घेता येणार नाही. प्लास्टिक न फाडता गादी क्रिबमध्ये बसवून दाखवणारा मला अजून भेटायचाय.

त्याच दरम्यान मी प्रमाणपत्र मागितलं होतं. पीडीएफ लगेच आली, शिक्के, सही, सगळं थाटात. विकणाऱ्याचा भरवसा असतो की शिक्का बघून लोक गप्प बसतात. वाचल्यावर कळलं की तपासणी कापडाची होती: रंग उतरतो का, कापडात शिसं आहे का, एवढंच. फ्रेम, पट्टे, उतार, जाळी, कशाचीच नाही. मॉडेल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळत नव्हता. वर ईएन ११३० हे नाव होतं, पण पुढे साल १९९६. युरोपात बाळाच्या क्रिबसाठीचं हे मानक २०१९ मध्ये नव्याने आलं, आणि पलंगाला जोडायच्या क्रिब त्यात धरल्या आहेत. अमेरिकेत बेडसाइड स्लीपरसाठी, म्हणजे अशाच पलंगाला जोडायच्या क्रिबसाठी, वेगळा नियम २०१४ पासून आहे आणि तिथलं मानक एएसटीएम (मानकं ठरवणारी संस्था) एफ२९०६. हे नंबर आता माझे तोंडपाठ आहेत. कुणी प्रमाणपत्र दाखवलं की मी आधी नंबर, मग साल, मग मॉडेल आणि शेवटी कशाची तपासणी झाली ते बघते.

आणि तो 'सीई प्रमाणित' बिल्ला. सीईची खूण, म्हणजे वस्तू युरोपच्या नियमांत बसते असं सांगणारी खूण, युरोपात खेळणी, विजेची उपकरणं अशा ठरावीक वस्तूंवर लागते. साध्या क्रिबला ती लागूच होत नाही. आमच्या खोक्यात ती खूण सापडली ती क्रिबवर टांगायच्या कापडी चांदण्यांच्या लेबलवर. चांदण्या खेळणं असल्यामुळे त्यांच्यावर असणं बरोबर होतं. विकणाऱ्याने ती तिथून उचलून जाहिरातीत क्रिबच्या डोक्यावर ठेवली. अशीच दुसरी थाप अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाच्या, नावाने मारतात. झोपेत अचानक होणारा अर्भकमृत्यू टाळणारं म्हणून एफडीएने आजवर एकाही बाळाच्या वस्तूला मान्यता दिलेली नाही. तेव्हा तसा दावा दिसला की पान तिथेच बंद करावं.

'डोक्याकडची बाजू वर' हा तर निव्वळ जीवघेणा भाग. बाळ दूध ओकतं म्हणून उतारावर झोपवायचं, हे ऐकायला पटतं. पण उतारावर तान्ह्या बाळाची मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकू शकते आणि श्वासाची वाट दबते. शिवाय ते खाली घसरतं, कलंडतं. २०१९ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कंपनीने अशा उताराच्या बाळझोपाळ्यांचे सुमारे ४७ लाख नग परत बोलावले. तोवर त्यांत तीसहून जास्त बाळं गेल्याच्या नोंदी होत्या. २०२२ मध्ये तिथे कायदाच झाला: बाळाला झोपवायच्या साधनाचा उतार १० अंशांपेक्षा जास्त असेल तर ते विकता येत नाही. क्रिबच्या कडेने लावायच्या जाड, फुगीर लोडांवरही त्याच कायद्याने बंदी आली. आमच्या क्रिबची डोक्याकडची बाजू वरच्या भोकात लावून नवऱ्याने गादीवर फोन ठेवला आणि त्यातल्या लेव्हलच्या अ‍ॅपवर उतार मोजला. १४ अंश! आणि ती सोबत आलेली जाड, मऊ गादी. हात दाबून उचलला की पंजाचा ठसा तसाच राहायचा. बाळाच्या गादीवर ठसा राहता कामा नये.

रिव्ह्यूंचं गौडबंगाल नंतर समजलं. सगळ्यात नवे रिव्ह्यू 'छान', 'मस्त', 'बाळाला आवडलं' असे होते. जुन्यांकडे खाली खाली जात राहिले तर तिथे एक बाई लिहीत होत्या की मच्छरदाणी घडी घालायला सोपी आहे. दुसऱ्या कुणाला तिची काडी वाकलेली मिळाली होती. म्हणजे पान मूळचं मच्छरदाणीचं. तारे तिने कमावले आणि नंतर त्याच पानावर फोटो नि नाव बदलून क्रिब बसवली. रिव्ह्यू नेहमी जुन्यापासून वाचायला लागायचं, ही सवय तेव्हापासून लागली.

पैशांचं सांगते. अ‍ॅपने हात वर केले, 'माल पोहोचल्याची नोंद आहे' म्हणून. मग बँकेत कार्डाच्या व्यवहाराची तक्रार टाकली. तिथे कारण निवडताना 'माल मिळाला नाही' हे घ्यायचं नाही. ते घेतलं की विक्रेता पोच दाखवतो आणि केस तिथेच संपते. 'माल वर्णनाप्रमाणे नाही' हे घ्यायचं. आम्ही जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट, पत्रकातल्या त्या चेनच्या ओळीचा फोटो, पट्टी धरून काढलेला फटीचा फोटो आणि सगळा पत्रव्यवहार जोडला. बँकेतल्या मुलीने फोनवर मुख्यतः पत्रकाबद्दलच विचारलं. बनवणाऱ्याचाच कागद विकणाऱ्याच्या जाहिरातीला खोटं पाडत होता, त्यापुढे विक्रेत्याला बोलायला काही उरलं नाही. पैसे आले, बाळ घरी आल्यानंतर. जाहिरातीचे स्क्रीनशॉट मात्र आधी काढून ठेवलेले असायला हवेत. आमची तक्रार गेल्यावर ते पान गायब झालं आणि थोड्या दिवसांनी दुसऱ्या नावाने तोच फोटो घेऊन परत आलं. मी कळवलं, ते उडालं. पुन्हा आलं असणारच.

बाळाला आम्ही पहिल्याच्या वेळची साधी क्रिब नणंदेकडून परत आणून दिली. चारही बाजू बंद, टणक गादी, चादर घट्ट बसणारी, आत दुसरं काही नाही. ती पलंगाला न जोडता हाताच्या अंतरावर ठेवली. नवरा उचलून देतो, मी पाजते, तो परत ठेवतो. मला हवी होती ती सोय यात नाही, हे कबूल. चांगली बेडसाइड क्रिब मिळाली असती तर मी आजही घेतली असती. पण तीही काही महिनेच चालते. बाळ हातावर जोर देऊन उठायला किंवा बसायला लागलं की बंद करावी लागते, त्यामुळे जुनी घेणार असाल तर पट्टे, बकल आणि पत्रक मूळचेच आहेत ना ते बघा.

बँकेची केस मिटेपर्यंत ती वस्तू खोक्यासकट जपून ठेवावी लागली, कारण विक्रेता ती परत मागू शकतो. त्याने मागितली नाही. मधल्या काळात ओळखीच्या दोघींनी 'तुम्हाला नको तर आम्हाला द्या, नुसती पडलीये' असं विचारलं, त्यांना नाही म्हटल्यावर थोडं वाईटही वाटलं त्यांना. केस बंद झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी दिरांनी जाळी कात्रीने उभी कापली, नळ्या वाकवल्या, गादी फाडली आणि मगच ते भंगारात गेलं. अख्खं दिलं असतं तर कुणीतरी पुसून-पासून पुन्हा विकलं असतं.